दंडाच्या आतला रंग

घोंगडं उन्हात टाकलं की आमच्या घरभर चिंचोक्यांचा वास सुटतो. विणून झालेल्या घोंगड्याला चिंचोक्यांची खळ लावतात, म्हणून ते ताठ राहतं. वर्षं लोटली तरी ती खळ लोकरीतून पुरती जात नाही. हिवाळा सरता सरता सांगलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी ते कठड्यावर पसरते आणि दुपारी ऊन नीट लागलं की तो वास हलके हलके आत येतो. किंचित आंबूस, किंचित खरपूस, आणि त्याच्या तळाशी मेंढीच्या अंगाची ऊब. शेजारच्या बाईंचं त्या वासाने डोकं उठतं आणि तसं त्या दर वर्षी न चुकता बोलून दाखवतात. मी हसून वेळ मारून नेते. मग खुर्ची ओढून त्या वासात अशी काही बसते की भाजी गॅसवर लागते आणि मला पत्ता नसतो. लांबून पाहिलं तर हे घोंगडं करडं दिसतं. जवळ घेऊन उजेडात धरलं तर त्यात एकही केस करडा सापडत नाही. काही काळे, काही पांढरे, एखादा तांबूस. पिंजताना एकत्र आलेले आणि तरी आपापल्या रंगाचेच राहिलेले. हे मला फार उशिरा दिसलं. तसं मला आयुष्यात बरंच काही उशिरा दिसलं आहे, आणि त्यातलंच एक सांगायला आज बसले आहे.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. घरची उसाची शेती, आणि घरटी एक जण फौजेत असायचाच. दिवाळीनंतर ऊस तुटून फड मोकळे झाले की पूर्वेच्या माणदेशातून मेंढरं यायची. रात्रभर मेंढरं रानात बसली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेत. आमच्या रानात बसणारं घराणं ठरलेलं होतं. दर वर्षी तीच माणसं, तीच दोन घोडी, घोडीवर लादलेला तोच संसार, आणि त्यावर तंगड्या बांधून घातलेल्या कोंबड्या. त्यांच्यातल्या एका बाईला आम्ही मुलं मावशी म्हणायचो. उंच, सडसडीत, उन्हाने भाजून काळीभोर झालेली. तिचे दात मात्र इतके पांढरे, की ती हसली की लांबून कळायचं. ती आली की आमच्याकडे हिवाळा आला असं मी धरून चालायचे.

आता हे सांगायलाच हवं की मी काळी. आमच्या घरात हे एक नवलच होतं. आई केतकीसारखी गोरी, दादा गोरा आणि वर घाऱ्या डोळ्यांचा, वडील गव्हाळ. मी एकटीच अशी, की पाहुणे यायचे तेव्हा एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे पाहायचे आणि मग चहाकडे पाहायचे. माझी आत्या तोंडाची फटकळ, पण मनाने वाईट नव्हती, हे आज म्हणता येतं. तिने यावर एक गोष्टच रचून ठेवली होती. "ही आमची न्हवंच," ती चारचौघांत सांगायची. "मेंढरं बसाया आली व्हती तवा एक कोकरू चुकून मागं ऱ्हायलं. त्येच ही." सगळे हसायचे. मावशी जवळ असली तर तीही त्यात तेल ओतायची. "व्हय तर! आमचंच हाय ते. औंदा जाताना घिऊन जानार." पुन्हा हशा. हसायची नाही ती फक्त आई. पण ती रागवायचीही नाही. मान खाली घालून भाकरी थापत राहायची, आणि त्या गप्प राहण्याचा मी माझ्यापरीने अर्थ लावला होता. खोटं असतं तर आई बोलली असती, इतकं साधं गणित. सात वर्षांच्या मुलीचं गणित फार पक्कं असतं.

त्या वर्षी आत्याने ही गोष्ट दादाच्या मित्रांसमोर सांगितली. त्या दिवशी माझा धीर सुटला. मनात म्हटलं, मी इथली नाहीच तर जिथली आहे तिथे जाते. एका फडक्यात माझा ठेवणीतला फ्रॉक बांधला, दोन शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि दिवस कलायला लागला तशी पांदीने, शेतांमधल्या अरुंद गाडीवाटेने, रानात गेले.

मी पोहोचले ती वेळ कोकरं सोडायची होती. ज्याने ती वेळ पाहिली नाही त्याला कशी सांगावी हे मला अजून कळत नाही. मेंढ्या दिवसभर चरायला लांब जायच्या आणि त्यांची कोकरं तळावर, वाघर म्हणतात त्या जाळीच्या कुंपणात राहायची. सांजेला मेंढ्या परत आल्या की वाघर उचलायची. शे-सव्वाशे कोकरं एकदम सुटायची, शे-सव्वाशे आया एकदम ओरडायला लागायच्या, धुळीचा लोट उठायचा आणि त्यातून मावळतीचं ऊन असं आडवं यायचं की माणूस कुठला आणि मेंढरू कुठलं हेही कळू नये. त्या गलबल्यात प्रत्येक कोकरू आपल्या आईला शोधायचं. चुकीच्या मेंढीखाली शिरलं तर ती हुंगायची आणि ढुशी देऊन बाजूला करायची. बरोबर मेंढी सापडली की तीही हुंगायची, शेपटाकडून, मग उभी राहायची, आणि कोकराचं शेपूट भिरभिरायला लागायचं. हळूहळू आवाज कमी व्हायचा. थोड्या वेळाने सगळ्या रानात नुसता दूध ओढल्याचा आवाज राहायचा. एखादं नवं कोकरू गोंधळलं तर मावशी त्याला उचलायची, त्याच्या माथ्याशी नाक न्यायची आणि शंभरांतून बरोबर त्याच्या आईपाशी नेऊन ठेवायची. काळ्या मेंढीला पांढऱ्या ठिपक्यांचं बांडं कोकरू, पांढरीला काळं, असं कितीदा असायचं. रंगाने काही ओळखता येत नसे, आणि तिथे कोणाला त्याची गरजही पडत नसे.

मी त्या धुळीत उभी राहिले. मावशीच्या लुगड्याला धरलं आणि विचारलं, "मावशी, मी तुमचीच हाय नव्हं? खरं सांगा."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे तिने पाहिलं, मग माझ्या पाठीमागे कुठेतरी लांब पाहिलं. मग खाली वाकली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि कोकराला हुंगावं तसं माझं डोकं हुंगलं. तिने मान हलवली. "आमचं न्हाई," ती म्हणाली. "जा घरला."

मला किती लागलं ते काय सांगू. घरचे म्हणत होते आमची नाही, आणि आता हीही म्हणत होती आमची नाही. ज्याची त्याची आई ज्याला त्याला मिळाली होती आणि त्या सगळ्या रानात बिनहक्काची मी एकटी उरले होते. रडत रडत पांदीला लागले. अंधारायला आलं होतं. मागे उसाच्या वाळल्या पाचटात खसखस झाली. कोल्हा असेल असं वाटलं आणि मी जी पळत सुटले ती थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, तवा तापलेला, आणि आईचा पत्ता नाही. मी गेलेली कोणाला कळलंसुद्धा नाही, हे वर आणखी दुःख. थोड्या वेळाने आई मागच्या दाराने आली, धाप लागलेली, आणि चुलीपाशी बसून लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं एक एक करून वेचायला लागली. मला म्हणाली, "हातपाय धुतलेस का?" बस, एवढंच. मी धुतले आणि मनात डूख धरला. मी डूख धरणारी बाई आहे. तो मी पुढे तीस वर्षं धरून ठेवला.

मी जीवशास्त्राकडे का वळले, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी काहीतरी बरं उत्तर देते. खरं उत्तर त्या धुळीत आहे. माणसामाणसांतला फरक कुठून येतो हे मला हवं होतं, आणि ते थोडंफार मिळालंही. कातडीचा रंग एका कुठल्या मोठ्या खुणेने ठरत नाही. तो अनेक बारीक धाग्यांनी ठरतो, अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून, दर मुलाच्या वेळी नव्याने पिंजलेले. आई-वडिलांच्या करड्या विणीत चार पिढ्या लपून राहिलेले काळे केस माझ्या वाट्याला आले, दादाच्या वाट्याला पांढरे. इतकंच. माझ्या हाताची बोटं हुबेहूब वडिलांची, गालावरची खळी आईची. शिकता शिकता हे मला पक्कं कळलं की मी ह्याच घरची. रक्ताचा प्रश्न तिथेच संपला. मनात राहिलं ते वेगळंच होतं: मला कोणी आपली म्हटलं नाही. त्याला कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं.

दहाएक वर्षांपूर्वी माणसांच्या विविधतेवरच्या एका पाहणीत मी कामाला होते. सातारा आणि सांगलीच्या नदीकाठापासून ते पार पूर्वेच्या कोरड्या गावांपर्यंत हिंडायचं, लोकांची संमती घ्यायची, लाळेचे नमुने गोळा करायचे आणि एका लहानशा यंत्राने कातडीचा रंग मोजायचा. यंत्र कातडीवर उजेड टाकतं आणि किती परत आला ते आकड्यात सांगतं. मोजायची जागा ठरलेली: दंडाची आतली बाजू, जिथे ऊन पोहोचत नाही. या जागेने मला फार शिकवलं. चेहऱ्याने कोळसा दिसणारे मेंढके बाही वर करत तेव्हा आत गव्हाळ रंग निघे आणि ते स्वतःच चकित होऊन पाहत राहत. उसाच्या रानात राबणारे, सीमेवर बर्फात राहून आलेले, पोस्टात सावलीत बसणारे, सगळ्यांचे दंड एकमेकांत मिसळून जात. कराडहून विट्यावरून आटपाडीकडे जाताना माती काळीची तांबडी होते, पण कुठे झाली ती रेघ दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही. आकड्यांचंही तसंच होतं. एका गावात, एका वाडीत, कधी एका घरात जेवढा फरक सापडे तेवढा दोन टोकांच्या गावांच्या सरासरीत सापडत नसे. दादावर मी सरावाला यंत्र चालवलं होतं. त्याचा आणि माझा आकडा किती लांब होता ते पाहून तो म्हणाला होता, "आत्या खरंच बोलायची वाटतं!" फौजेतून आलेला माणूस, त्याला कुठे काय बोलावं कळत नाही.

पाहणीचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांकडे एक जुना लोखंडी चिमटा होता. शंभरावर वर्षांपूर्वी इंग्रज साहेब लोक असल्या चिमट्यांनी आपल्याकडच्या माणसांची नाकं मोजत आणि त्यावरून वंश ठरवत, वरचे कोण आणि खालचे कोण ते मांडत. सर तो सगळीकडे घेऊन हिंडत आणि लोकांना दाखवून सांगत की ही चूक पुन्हा करायची नाही. म्हसवडच्या पुढे एका वाडीवर एका म्हाताऱ्या मेंढक्याने तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"म्हंजी मानसाचं नाक मोजायचं?"

"हो," सर म्हणाले.

"माडग्याळी जातीच्या मेंढ्याचं नाक आमीबी बघतो. राघूवानी बाकदार असलं की गिऱ्हाईक तुटून पडतंय. पन त्यो इकायचा असतोय." त्याने चिमटा परत दिला. "मानसं कुठल्या बाजारात न्ह्यायची व्हती?"

सरांनी चिमटा पिशवीत ठेवला. म्हातारा मग स्वतःच बोलत राहिला. मेंढराची जात आपोआप राहत नाही, ती राखावी लागते, मेंढा बांधून ठेवावा लागतो. चार पिढ्या मोकळं सोडा, सगळं एक होतंय. मग जरा थांबून म्हणाला, "मानसांतबी राखत्यातच की लोकं. लग्नं बघा कशी जुळवत्यात. पन कितीबी राखलं तरी मेंढराएवढं न्हाई जमलं कुनाला." आमचा सबंध अहवाल एवढंच सांगत होता, पण त्याला फार पानं लागली.

म्हातारा म्हणजे मावशीचा दीर निघाला. बोलता बोलता ते कळलं तशी मी तिची चौकशी केली. ती आतल्या छपरात बसली होती, पिंजलेल्या लोकरीचा ढीग पुढ्यात घेऊन. आता ती वाकली होती, दात पडले होते, पण हसली तेव्हा मी ओळखलं. मी गावाचं नाव सांगितलं, तर तिने माझा हातच धरून ठेवला. मी तिची बाही वर केली, यंत्र लावलं, मग का कोण जाणे स्वतःच्या दंडालाही लावलं. दोन्ही आकडे जवळजवळ एकच आले. सख्ख्या भावापेक्षा मी ह्या बाईच्या जवळ होते, निदान त्या यंत्रापुरती. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. इतक्या वर्षांचा डूख मी तिच्यापुढे ओतला. म्हटलं, "मावशी, दर साली आमचंच कोकरू म्हणायचात. मी खरंच आले तेव्हा मात्र हुंगून परत पाठवलंत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुज्या आयनं सांगितलं न्हाई?"

"काय?"

"आगं, तुज्या मागं मागं आली व्हती ती. बांधावर उबी. पदराचा बोळा तोंडात कोंबून." मावशीच्या हातातली लोकर तशीच राहिली. "म्या मस्करीनं जरी आमची म्हनले असते, तर त्या बाईनं तिथंच जीव टाकला असता. मी हातानं खुनावलं तिला, हाक मारू नगं म्हनून. धरून आनलेलं कोकरू नुसतं पितंय. सोताच्या पायानं आलं की वळखतंय."

मी विचारलं, "मग हुंगलंत कशाला?"

"तू कोकरावानी उबी ऱ्हायलीस म्हनून. आन वास आला की. खोबरेलाचा. त्याच दिशी न्हायला घालून आयनं डोस्कं माखलं व्हतं तुजं, पार मुळापातूर." ती बोळक्या तोंडाने हसली. "तेल घातलेल्या डोस्क्याचं लेकरू कुनाचं, ते इचाराया मशीन लागतंय व्हय?"

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी त्या छपरात बसले आणि मला चुलीपुढे बसलेली आई दिसली, लागलेली धाप दिसली, लुगड्याच्या काठातून वेचून वेचून विस्तवात टाकलेली कुसळं दिसली. घरात कुसळं कुठून आली, हे मला तीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. बांधावरच्या गवतातून, अंधारात, माझ्या मागोमाग ती पळत आली होती. पाचटात वाजलं होतं ते तिचं पाऊल होतं, आणि मी त्याला कोल्हा समजून अधिकच जोराने पळाले होते. आत्यापुढे ती कधीच काही बोलली नाही. त्या काळच्या सुनेला नणंदेपुढे बोलता येत नव्हतं हे मला कळायला हवं होतं. मी त्या यंत्राकडे पाहिलं. त्याचा दिवा अजून लुकलुकत होता. मी ते बंद केलं आणि पोट भरून रडले. मावशी लोकर पिंजत राहिली आणि तिने मला रडू दिलं.

निघताना तिने हे घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. नको म्हटलं तर ऐकेना. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ती नव्हती. तिच्या घरचे आता कराडकडे येत नाहीत. पोरं शिरवळला कारखान्यांत कामाला आहेत, आणि आमच्या रानातही खताची पोती येतात. आमचा अहवाल कुठेतरी ठेवलेला असेल. त्यात मावशी आहे, मी आहे, दादा नाही, आणि सगळ्यांना नुसते क्रमांक आहेत.

ऊन उतरलं की मी घोंगडं झटकून घडी घालते. झटकताना कधी एखादं कुसळ निघतं. माणदेशातलं असेल, लोकरीबरोबर विणलं गेलेलं. ते मी लगेच टाकून देत नाही, थोडा वेळ बोटात धरून बसते. त्या वासात ती पांद पुन्हा समोर येते, अंधारायला आलेली, दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाचं पाचट. हातात फ्रॉकचं गाठोडं घेतलेली एक काळी पोर रडत घराकडे निघालेली असते. मागे खसखस होते. आता मी पळत नाही. उलट मुद्दाम सावकाश चालते, मागून येणारीला धाप लागू नये म्हणून.